बोगद्याचं दार

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा नागनाथ ओसरीवर बसून टेबलफॅनची जाळी पुसत होते. पाकीट मुंबईचं, जाडजूड, वर इंग्रजीत टाइप केलेला पत्ता. विमलबाईंनी ते तळहातावर तोलून पाहिलं आणि आत मुलीला हाक मारली.

"दीपे, ये वं बाहेर. माह्या सवतीचं पत्र आलं."

"सवत मरून दोन वर्षं झाली," नागनाथ मान वर न करता म्हणाले.

"म्हणूनच तं जाड आहे. जित्यापणी तिनं कधी चार ओळी धाडल्या नाईत."

दीपमाला हात पुसत बाहेर आली. ती आदिलाबाद जिल्ह्यातल्या या बोथच्याच सरकारी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायची. रविवारी सकाळी आईवडिलांकडे येण्याचा तिचा नेम होता. घरात सवत हा शब्द ती रांगायला लागली तेव्हापासून ऐकत होती. सवत म्हणजे जहाज. तिच्या वडिलांच्या आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं त्या जहाजानं खाल्ली होती. नऊ महिने तिथं, तीन महिने बोथला, असा हिशेब.

त्या जहाजाचं जन्मनाव ऑरेलिया. एकोणीसशे त्रेसष्ट साली इटलीच्या एका गोदीत ते पाण्यात उतरलं. लांबी एकशे ऐंशी मीटर. पहिली पंधरा वर्षं त्यानं गरीब इटालियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला नेली. एका खोलीत आठ-आठ माणसं, गाद्यांच्या वळकट्या, शिवणयंत्रं, पिंजऱ्यातल्या चिमण्या. पुढे विमानं स्वस्त झाली आणि लोकांना समुद्रावर महिना घालवायची गरज उरली नाही. जहाज तीन वर्षं नुसतं बांधून ठेवलेलं होतं. मग एका ग्रीक मालकानं ते घेतलं, आठ माणसांच्या खोल्या मोडून दोघांच्या केल्या, वर पोहण्याचा हौद बांधला, नाव ठेवलं सदर्न ग्रेस. म्हातारे जर्मन आणि इंग्रज त्यातून बेटं बघत हिंडू लागले. त्यानंतरच्या मालकानं जुगाराची खोली काढली आणि नाव बदलून हेलिओस ड्रीम केलं. नागनाथ सांगायचे, वरचं जहाज दोनदा बदललं, खालचं एकदाही नाही. खाली तीच दोन इंजिनं होती, तेच दोन शाफ्ट, म्हणजे मागचे पंखे फिरवणारे लांब दांडे, आणि इंजिनाच्या अंगावर तीच पितळी पाटी: ऑरेलिया. खाली काम करणारे जहाजाला त्याच नावानं हाक मारत.

नागनाथ आदिलाबादच्या आयटीआयमधून फिटर होऊन मुंबईला गेले आणि तिथून यंत्रांना तेल घालणारा तेलवाला म्हणून इंजिनखोलीत शिरले. समुद्र त्यांनी फारसा पाहिलाच नाही. पाण्याच्या पातळीखाली, पोलादाच्या एका पत्र्याआड, तो त्यांना ऐकू यायचा तेवढाच.

दोन हजार वीस साली रोगाची साथ आली आणि उतारू उतरले ते परत चढलेच नाहीत. ग्रीसच्या एका बंदरात जहाज दोन वर्षं उभं राहिलं. त्यावर चौदा माणसं उरली होती, मग नऊ, मग पाच. त्या पाचांत नागनाथ होते आणि वांकिडीचा चंदन होता. चंदनला त्यांनीच बोटीवर नेलं होतं. त्याचे वडील बाबाराव हे नागनाथांचे आयटीआयमधले सोबती. पुढे फिटरकी सोडून भाजीपाल्यात पडले. बाबाराव वारले तेव्हा नागनाथ म्हणाले होते, "वांगे-टमाट्यात काय आहे, पोराले मी घेऊन जातो."

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात ऑरेलिया गुजरातेत अलंगला मोडीत विकली गेली. मोडीच्या जहाजाला नवं नाव देत नाहीत, जुन्यातली काही अक्षरं रंग मारून बुजवतात. हेलिओस ड्रीमचं नुसतं हेलिओ उरलं. इंजिनं बंद. एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, तिला दोरानं ओढत नेणार होता, आणि ओढल्या जाणाऱ्या मेलेल्या जहाजावर माणूस ठेवत नाहीत. पाचही जण घरी परतले. पाच आठवड्यांनी अरबी समुद्रात, ऐन मोसमी वाऱ्यात, दोर तुटला. ओमानच्या किनाऱ्यालगत एका ओसाड बेटाच्या खडकावर ती चढली आणि पाचव्या दिवशी तिचे दोन तुकडे झाले. हे सगळं बोथमध्ये फोनवर कळलं होतं. तेव्हा नागनाथ दोन दिवस जेवले नव्हते, आणि विमलबाईंनी थट्टा केली नव्हती.

दीपमालानं पाकीट फोडलं. चौकशीचा अहवाल होता, चाळीस पानं, नकाशे, आणि वर एक पत्र. विम्याच्या बाजूच्या वकिलांना नागनाथांची जबानी व्हिडिओवर हवी होती. बुधवारी, अकरा वाजता.

"काय विचारतात?" नागनाथांनी विचारलं.

तिनं उभ्या उभ्याच पानं चाळली आणि मराठीत सांगू लागली. पाणबुडे तुटलेल्या मागच्या तुकड्यात उतरले होते. उजवा शाफ्ट इंजिनखोलीतून शेपटाकडे ज्या अरुंद बोगद्यातून जातो, त्याचं पाणीबंद दार त्यांना उघडं सापडलं. निघण्याच्या दिवशीच्या यादीत ते दार बंद केल्याची नोंद आहे. नोंदीसमोर सही आहे चंदनची. अहवाल म्हणतो की सही खोटी किंवा निष्काळजीपणाची असावी.

नागनाथांनी जाळी पंख्याला बसवली. एक स्क्रू हातातून सुटून फरशीवर घरंगळला. तो त्यांनी उचलला नाही.

*

मंगळवारी दुपारी सोजरबाई आल्या. वांकिडीहून दोन बस बदलून, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, हातातल्या पिशवीत दोडकी आणि कोवळी भेंडी. चंदनची आई ही. दीपमाला कॉलेजातून लवकर सुटून आली होती; तिनं पाणी दिलं. सोजरबाईंनी पाणी पिण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"दादा, तुमची जबानी हाय म्हणते उद्या. चंदनची मागच्या महिन्यात झाली. त्यानं सांगतलं, म्या दार लावलं. ते म्हणे, मंग उघडं कसं सापडलं? याच्यापाशी जवाब नाई."

"हो वहिनी."

"कोणी जहाजावर घेत नाई त्याले. त्याची ते नळी," म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, पूर्वी ते पत्र्याच्या नळीत ठेवत म्हणून जहाजावर त्याला नळीच म्हणतात, "ते नळी घेऊन तीनदा मुंबईले जाऊन आला. एजंट म्हणते, आधी तुह्या दाराचं निकालात निघू दे. भाजीच्या गाडीवर बसते आता. ते तं बसन, त्याचं काई नाई. पण पोरगा घरातलं दार लावते न, तं तीनदा उठून पाहाते. गॅस पाहाते. त्याची बायको रंजीता मले म्हणते, आत्या, यायले काय झालं?"

विमलबाई म्हणाल्या, "बसा तं खरं, सोजरबाई. भाकर खा."

"खातो माय. आधी दादाइच्या तोंडून ऐकू द्या." त्या नागनाथांकडे वळल्या. "तुमी वस्ताद हा त्याचे. तुमी होते न तिथं? तुमी एवढंच सांगा उद्या का माह्या पोरानं दार लावलं होतं. तुमी पाह्यलं होतं."

"पाह्यलं होतं," नागनाथ म्हणाले.

"बस. एवढंच सांगा."

भाकर खाऊन त्या निघाल्या. नागनाथ आणि दीपमाला त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. आदिलाबादची बस सुटल्यावर नागनाथ जागचे हलले नाहीत. स्टँडच्या बाकावर तेलुगूत भांडणाऱ्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडच्या टोकाला ते बसले. दीपमाला शेजारी बसली. तिला वाटलं, ऊन लागलं असेल.

"दीपा, चंदननं दार लावलं होतं."

"मग चांगलंच आहे न बाबा. उद्या सांगा."

"मीच ते मागून उघडलं."

वर्गात एखाद्या मुलानं उत्तर चुकवलं की ती आधी त्याला पुढं बोलू द्यायची. सवयीनं ती तशीच थांबली.

"निघाच्या दिवशी सकाळी पाहाणीवाला साहेब सगळे दारं पाहून गेलता. दुपारी मले वाटलं, उजव्या शाफ्टची पाणी अडवाची गळपट्टी पुन्हा एकडाव आवळून घेऊ. आमी दोघं बोगद्यात शिरलो, आवळली, बाहेर आलो. चंदननं चाक फिरवून दार लावलं. यादीवर सही केली. म्या म्हटलं, तू हो पुढं, मी बॅटरी घेऊन येतो. तो शिडी चढून गेला. मंग म्या उघडलं."

"का?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. पाहत पाहतच म्हणाले, "तुही आजी गेली तवा मी त्या बोगद्यातच होतो."

चंद्रभागा आजी गेली तेव्हा दीपमाला अकरा वर्षांची होती. तिला आठवत होतं. घरातून मयत निघालं की गेलेली माणसं परत येईपर्यंत दार लावायचं नाही, अशी जुनी रीत. आईनं त्या दिवशी दार उघडं ठेवलं. माणसं परतली, तरी लावलं नाही. नागनाथ यायचे बाकी होते. ते आले पंचवीस दिवसांनी, आणि तोवर उघड्या दाराच्या चौकटीला पाठ टेकून घरातलं कोणी ना कोणी झोपायचं.

"बातमी आली तवा कोणासमोर रडाव?" नागनाथ म्हणाले. "त्या बोगद्यात जाऊन बसलो. शाफ्ट फिरत राहे, त्याचं बेअरिंग कोमट राहे, त्याले पाठ लावली. तीन दिवस सुट्टी झाली का तिथंच. त्याच्यानंतरबी कधी मन लागलं नाई तं तिथंच जाओ मी. आन त्या दिवशी ते दार लागलं, तवा मले वाटलं, हे तं मयत हाय. उद्या तिले ओढत नेतीन. घरातून मयत निघून राह्यलं आन आपणच दार लावून राह्यलो."

"बाबा."

"चार बोटं उघडाव म्हटलं. मंग पुरं उघडलं."

बाया भांडण मिटवून उठल्या होत्या. दीपमालाच्या मनात पहिला विचार आला तो जहाजाचा नव्हता. दर रविवारी संध्याकाळी विहारात पोरांना घेऊन बसणारा हा माणूस. कारण सांगता येत नसेल ती रीत पाळायची नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या शेजाऱ्याला त्यांनी अख्ख्या गल्लीत हसून घेतलं होतं.

"तुले हसू येत असन," ते म्हणाले.

"नाही येत."

"मले येते."

*

बुधवारची जबानी वकिलांच्याच अडचणीनं शुक्रवारवर गेली. गुरुवारी दीपमालानं कॉलेजात मधल्या दोन तासांत अहवाल उघडला. तिला एक गोष्ट शोधायची होती. दोर तुटला तो वाऱ्यानं. त्यात दाराचा संबंध नव्हता. मग दार उघडं असणं आणि जहाज फुटणं यांचा संबंध किती? कमी असेल तर तो आकडा तिला वडिलांच्या हातात ठेवायचा होता.

अहवालात सगळं होतं. हेलकाव्यांनी शाफ्टची गळपट्टी निसटली. तिथली फट साधारण साठ चौरस सेंटीमीटर, पाण्याखाली पाच मीटर. बारावीच्या पोरालाही मांडता येईल असं गणित. तासाला एकशे तीस टनांच्या आसपास पाणी आत येत होतं. बोगदा लहान, तेवढ्याच घनमीटरांचा. दार बंद असतं तर बोगदा तासाभरात भरला असता आणि पाणी तिथंच थांबलं असतं. जहाज चारेक सेंटीमीटर खाली बसलं असतं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दार उघडं होतं म्हणून पाणी इंजिनखोलीत गेलं. इंजिनखोली म्हणजे जहाजाचं पोट.

तिनं पुढची नोंद वाचली. दोर तुटल्यावर सव्वीस तासांनी वारा जरा पडला. टग परत जवळ आला. चार माणसं चढवून नवा दोर बांधायचा होता. पण तोपर्यंत ऑरेलिया अकरा अंशांनी कलली होती आणि शेपटाकडून बसली होती. कलत्या जहाजावर माणसं पाठवायला टगच्या कप्तानानं नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. त्यानंतर सोळा तासांनी खडक आला. टाक्यांत उरलेलं तेल बेटासमोरच्या कोळ्यांच्या गावाला लागलं. त्या किनाऱ्याचा फोटो होता: काळी वाळू, काळी जाळी, आणि जाळ्याजवळ उकिडवा बसलेला एक माणूस, ज्याचा चेहरा दिसत नव्हता.

तिनं फट पन्नास चौरस सेंटीमीटर धरून पुन्हा केलं. मग चाळीस धरून. आकडे बदलले, उत्तर बदललं नाही.

घरी जाऊन तिनं सांगितलं तेव्हा नागनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे दार लावलेलं असतं तं तिले पकडता आलं असतं."

"हो."

विमलबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना नागनाथांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या तेव्हापासून थट्टेचा एकही शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्या म्हणाल्या, "पकडून तरी काय केलं असतं? अलंगले नेऊन कापलीच असती न. मेलेल्याले काय, इथं जाळा का तिथं."

"कोळ्याइचं जाळं मेलेलं नव्हतं, विमल."

दीपमालानं स्वतःला म्हणताना ऐकलं, "विसरलो म्हणा बाबा. साठीचा माणूस, अंधार, निघायची घाई. पुन्हा आत बघायला गेलो, दार लावायचं राहून गेलं. चंदनही सुटतो आणि तुमचंही... कोणालाही पटेल."

"विसरलो नाई न पण."

"पटेल असं म्हणाले मी."

"मले ऐकू आलं," नागनाथ म्हणाले. ते रागावले नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "चंदनले आन वहिनीले फोन केला. उद्या दोघंबी येऊन राह्यले. जबानी ऐकाले."

"त्याला आधी सांगा. समोर बसवून, एकट्याला."

"माह्याच्यानं दोनदा सांगणं होत नाई माय. एकडाव होईन. तवा सगळेच असू द्या."

तिला ते पळवाटीसारखं वाटलं. पण आपण आत्ताच काय सुचवलं होतं हे आठवून तिनं अहवाल मिटून ठेवला.

*

शुक्रवारी चंदन आणि सोजरबाई पहिल्या बसनं आले. चंदन चौतिशीचा, खांद्यानं रुंद, पण शर्ट अंगावर लोंबत होता. त्यानं नागनाथांच्या पाया पडायला हात पुढं केले. नागनाथांनी ते मधेच धरले.

"आज नको."

"काऊन काका? जबानीच्या दिवशी वस्तादाच्या पाया पडू नाई का?" तो हसला. विमलबाई आत गेल्या.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. वकीलबाई मुंबईच्या, मराठी बोलणाऱ्या. पडद्याच्या कोपऱ्यात दोन परदेशी माणसं नुसती बसलेली. खोलीत घरची माणसं आणि चंदन आहेत हे दीपमालानं आधी सांगून टाकलं. वकीलबाई क्षणभर घुटमळल्या, मग चालेल म्हणाल्या. नाव, गाव, किती वर्षं, कुठल्या कामावर. नागनाथ सरळ बसून उत्तरं देत होते, शाळेत मास्तरांसमोर द्यावीत तशी.

"उजव्या शाफ्टच्या बोगद्याचं दार कोणी बंद केलं?"

"चंदननं. माह्या समोर."

सोजरबाईंनी हात जोडून कपाळाला लावले.

"मग ते उघडं कसं सापडलं, याबद्दल तुम्हाला काही सांगता येईल का?"

"म्या उघडलं."

पंखा फिरत होता. दीपमालाला चंदनकडे पाहावंसं वाटलं नाही, म्हणून तिनं पडद्यावरच नजर ठेवली. वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं.

"कशासाठी?"

नागनाथांनी सांगितलं. बसस्टँडवर सांगितलं होतं त्याहून थोडं, पण तेच. आईचं, बोगद्याचं, मयताचं. मधेच एकदा त्यांनी "तुमाले हे वेडेपणाचं वाटन" असं म्हटलं आणि पुढे बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "चंदनची सही खरी होती. त्याच्या सहीच्या मागून म्या काम बिघडवलं, आन दोन वर्षं सांगतलं नाई. गळपट्टी निसटली हे समुद्राचं. दार माहं."

"दोन वर्षं का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"जहाज फुटल्याची?"

"नाई," नागनाथ म्हणाले. "कारणाची."

वकीलबाईंनी आणखी काही विचारलं, वेळ, बॅटरी, शिडी. मग जबानी लिहून ईमेलनं पाठवते, वाचून सही करा, असं सांगून पडदा बंद झाला.

चंदन भिंतीला टेकून उभा होता.

"काका, तुमी उघडलं तवा मी कुठं होतो?"

"वर गेलता शिडीनं."

"म्हंजे म्या लावलं होतं."

"लावलं होतं. घट्ट लावलं होतं. उघडाले मले दोन्ही हातांचा जोर लागला."

"रंजीता मले म्हणे, आठवून पाहा, आठवून पाहा. म्या एवढं आठवलं काका, एवढं आठवलं, का मले ते दार उघडंच दिसाले लागलं. डोळ्यासमोर. मी लावतानी दिसतच नोतो. मले वाटे, म्याच खोटी सही केली आन आता स्वतःलेबी फसवून राह्यलो."

"चंदन..."

"तुमाले एक फोन कराचा होता."

तो अंगणात गेला. बाहेरून त्याचा आवाज येत होता, फोनवर, नेहमीपेक्षा मोठा. "रंजीता? म्या लावलं होतं. हो. नाई, तू ऐक न आधी. लावलं होतं म्या." तो ते चारपाच वेळा म्हणाला. मग आवाज थांबला, आणि तो चपला घालून फाटकाबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

विमलबाईंनी ताटं मांडली होती. सोजरबाईंनी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

"जेवून जा, सोजरबाई," विमलबाई म्हणाल्या.

"नाई माय. आज इथचा घास नाई उतराचा खाली." त्या नागनाथांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "माह्या मालकानं मरताना तुमच्या हाती दिलं होतं न पोरगं?"

"हो वहिनी."

"आज परत दिलं तुमी. पण लय उशीर केला दादा." पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "आमच्या घरी येऊ नका. मी सांगीन तवा या."

"सांगसान का?"

"मालूम नाई," सोजरबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

नागनाथ फाटकापर्यंतही गेले नाहीत. त्यांना जायचा हक्क नव्हता, हे त्यांना कळत होतं. त्यांनी एक ताट ओढून घेतलं, आणि विमलबाईंनी वाढलं तेवढं सगळं, मान खाली घालून, संपवलं.

*

सोमवारी ईमेल आलं. दीपमालानं कॉलेजच्या ऑफिसात ते छापून घेतलं आणि संध्याकाळी घरी आणलं. तीन पानं. वकीलबाईंनी काम नीट केलं होतं. चंदननं दार बंद केलं, हे अगदी पहिल्या परिच्छेदात होतं, त्याच्या पूर्ण नावानिशी. त्याची सही खरी असल्याचं दुसऱ्यात. वेळा बरोबर होत्या.

तिसऱ्या पानावर ती थांबली. इंग्रजीत लिहिलं होतं की साक्षीदारानं ते दार बोगद्यात हवा खेळती राहावी या हेतूनं पुन्हा उघडलं.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. त्या बाईंचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्यांना त्या परदेशी माणसांसमोर एका म्हाताऱ्या तेलवाल्याची अब्रू राखायची असेल, किंवा खरं कारण कुठल्या रकान्यात बसवावं ते समजलं नसेल. ओळ चांगली होती. एखाद्या कामगाराची चूक, पण कामगाराची. चंदनचं त्यात काहीच बिघडत नव्हतं. आणि वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

नागनाथ समोर पेन घेऊन बसले होते. चष्मा पुसत म्हणाले, "सगळं आलं का बरोबर?"

हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. गुरुवारी फटीचं माप कमी कमी करत गेली होती तेव्हाही तिला असंच काहीतरी हवं होतं. उत्तर तेच राहून दिसायला बरं.

"एक ओळ चुकीची आहे," ती म्हणाली.

तिनं ती खोडली. वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात इंग्रजीत लिहायला घेतलं. मयत या शब्दापाशीच अडली. नुसतं मेलेलं माणूस लिहिलं तर घर सुटत होतं, घर लिहिलं तर जहाज सुटत होतं. शेवटी तिनं साधंच लिहिलं, जसं त्यांनी सांगितलं होतं तसं, आणि ते मराठीत वाचून दाखवलं.

"माझ्या आईच्या घरी मेलेलं माणूस बाहेर नेलं की सोबत गेलेले परत येईपर्यंत दार लावत नाहीत. जहाज मेलं आहे असं मला वाटलं, म्हणून मी दार उघडलं."

नागनाथांनी ऐकलं. "तिच्यासंगं तं कोणीच गेलं नोतं," ते म्हणाले.

"ते लिहू?"

त्यांनी विचार केला.

"नको. तेवढं नाई सांगतलं म्या त्याइले." त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, खोडलेल्या ओळीच्या कडेला आधी लहान सही केली, मग खाली मोठी, मराठीत, आणि पेन तिच्याकडे दिलं. "आता तारीख टाक."